काळ्या चष्म्यांचं वऱ्हाड

एकोणीसशे एकाहत्तर साल. मला छत्तिसावं लागलं होतं. मिशा काळ्या होत्या, आवाज गिरणा नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जायचा, आणि शाळा तिसरीत सुटली असली तरी गावात माझा शब्द खाली पडत नव्हता. शाळा मी सोडली, शाळेनं मला काढलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या बाबतीत भलतंच सांगणारे आमच्या भाऊबंदांत अजून जिवंत आहेत.

त्या वर्षी देशावर दोन संकटं एकदम आली. एक लढाई आणि दुसरी डोळ्यांची साथ. लढाई सगळ्यांना आठवते. डोळ्यांचं कोणी बोलत नाही. नातवंडांना सांगितलं तर हसतात. पण ती काही आपल्या गावची साधी साथ नव्हती. शेटजींच्या दुकानातला रेडिओ सांगायचा की हा रोग देशोदेशी फिरून आला आहे. मुंबईहून आलेला माणूस सांगायचा की तिथे कचेऱ्याच्या कचेऱ्या डोळे चोळत बसल्यात. आमच्याकडे तो एसटीनं आला. सकाळी माणूस उठायचा तो पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्यानं सोडवायच्या, तर आतून डोळा लाल भडक निघायचा आणि वाळू भरल्यासारखा खुपायचा. मरत कोणी नव्हतं, आठवडाभरात उतरायचं. पण तेवढ्या दिवसांत शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना आणि न्हाव्यापुढे बसायची कोणाची छाती होईना.

लढाई पेटली तशी तालुक्याहून जीप आली. साहेबांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच हुकूम सांगितले. रात्री दिव्याचा उजेड बाहेर दिसता कामा नये, भुसावळची रेल्वे इथून लांब नाही, विमानाला वरून गाव दिसायला नको. गावात ग्रामरक्षक दल उभं करायचं. अनोळखी माणूस दिसला की हटकायचा. "आणि विशेष करून," साहेबांनी बोट वर केलं, "काळा चष्मा लावून तोंड लपवत कोणी आला, तर त्याला सरळ पोलीसपाटलांपुढे उभा करा. हेर असू शकतो."

आमचे पोलीसपाटील म्हणजे आबा. सगळा गाव त्यांना आबाच म्हणायचा. दम्यानं बेजार, पण नजर घारीची. दलाचा प्रमुख कोण, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"शिक्षण?" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, आवाज ऐका." आणि तिथूनच ओरडलो, "कोण आहे रे तिकडे?" साहेबांच्या ड्रायव्हरनं दचकून जीप मागे घेतली. नेमणूक झाली.

मी त्याच दिवशी वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ, रस्त्याला आडवा मोटेचा जाड नाडा, म्हणजे मनगटाएवढा दोर, बांधला. तिथे पहाऱ्याला आमचा पहिलवान बसवला. पहिलवान कुस्तीत चपळ आणि बाकी सगळ्यात सावकाश. पण सांगितलेलं काम सोडायचा नाही. असा माणूस पहाऱ्याला सोन्यासारखा.

मग दुसरी जीप आली. ही आरोग्य खात्याची. तरुण डॉक्टर होते, बसले, चहाही प्यायले. त्यांनी सांगितलं, की बाहेरगावचा डोळे आलेला माणूस गावात घेऊ नका. आणि ज्याचे डोळे आलेत त्यानं काळा चष्मा लावल्याशिवाय बाहेर पडू नये.

मी हात जोडले. "साहेब, परवाच्या साहेबांनी सांगितलं, काळा चष्मा दिसला की धरा. तुम्ही सांगता, लावा. आता मी धरू का लावू?"

"ते खातं वेगळं आहे," डॉक्टर म्हणाले.

"खाती दोन असतील साहेब, पण नाडा एकच आहे."

डॉक्टरांनी नाड्याकडे पाहिलं, पहिलवानाकडे पाहिलं. "तारतम्यानं घ्या," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. सरकार तारतम्यानं घ्या म्हणालं, की समजायचं आता जी चूक होईल ती आपली.

मी रात्रभर विचार करून नियम बसवला. दिल्लीत बसलेल्यांना जमला नसता असा नियम. काळा चष्मावाला आला की आधी चष्मा काढायला लावायचा. डोळे लाल निघाले, तर तो हेर नाही, पण रोगी आहे, परत पाठवा. डोळे स्वच्छ निघाले, तर मग चष्मा कशाला लावला? तो हेर, आबांपुढे उभा करा. आणि चष्मा नसताना डोळे लाल असतील, तर त्यानं डॉक्टरांचा हुकूम मोडला; तोही परत. दोन्ही खात्यांचा मान राहिला. मी नियम पारावरून मोठ्यानं सांगितला, आणि सांगताना म्हणालो, "यात माझा सख्खा भाऊ असला तरी सुटणार नाही." मला सख्खा भाऊ नव्हता. पण बोलायची ती रीत असते.

नियम चालला, तो कसा चालला हे धरणगावच्या कापूसवाल्या दलालाला विचारा. चष्म्याआड त्याचे डोळे स्वच्छ निघाले, म्हणून पहिलवानानं त्याला आबा येईपर्यंत उन्हात उभा केला. एसटीच्या कंडक्टरचे डोळे लाल होते, तर गाडी नाड्याबाहेरच थांबली आणि लोक सामान डोक्यावर घेऊन आत आले. कंडक्टर ओरडला, "मग तिकिटं काय तुमचा मारुती फाडणार का?" मी म्हटलं, "फाडेल की, त्याचे डोळे तरी चांगले आहेत."

पण खरी गोष्ट झाली ती आबांच्या जावयाची. जावई पलीकडच्या काठच्या गावचा. नवी सायकल, नवी टोपी, आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून सासरी निघाला. मी स्वतः नाड्यावर होतो. चष्मा काढायला लावला. डोळे पिकल्या मिरचीसारखे. मी म्हटलं, "पाहुणे, सायकल वळवा."

"मी आबांचा जावई आहे."

"म्हणूनच पाहुणे म्हटलं. नाहीतर वेगळं म्हटलं असतं."

जावई गेला. जावयाला वेशीवरून परत पाठवणं म्हणजे काय, हे आमच्या खानदेशात सांगावं लागत नाही.  दोन दिवसांनी आबा पारावर भेटले, धाप घेत एवढंच म्हणाले, "नियम चांगला आहे, भाऊ. असाच ठेव. तुझ्याकडंही कार्य आहे ना, मार्गशीर्षात?"

कार्य होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. बाप आमचा लवकर गेला, तेव्हा तिचा बाप मीच. पोरगी सातवी पास, आमच्या घरात एवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. आणि तिचं लग्न राहून गेलं होतं, कारण आधीची दोन स्थळं मोडली होती. पहिलं मोडलं ते मुलाच्या काकानं आमच्या विहिरीच्या पाण्याला नाव ठेवलं म्हणून. मी त्याला त्याच विहिरीत उतरून चव नीट घ्यायला सांगितलं. दुसरं मोडलं ते मुलाकडचे ठरल्या वेळेला न येता दुपारी आले म्हणून. मी दार लावून शेतावर निघून गेलो. दोन्ही वेळा माझं बरोबर होतं. पण माझ्या मायला ते पटलं नाही.

हे तिसरं स्थळ धुळ्याचं. मुलगा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर, शांत, निर्व्यसनी. त्याचे वडील म्हणजे नाना, बोलायला गोड माणूस. मायनं मला चुलीपुढे बसवून सांगितलं होतं, "आते जर हाई तिसरं स्थळ तुन्हामुळे मोडं, तर मी तुन्हा घरमा पानी पिवाव नही. पोरले लीसन भडगावले बहीनकडे चालनी जासू." आता हे तिसरं तुझ्यामुळे मोडलं तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, पोरीला घेऊन भडगावला बहिणीकडे निघून जाईन, असं. माय बोलायची ते करायची. मी कोणावर गेलोय हे त्यावरून कळावं.

लढाई लागली म्हणून लग्न पुढे ढकलावं, असं भटजी म्हणाले. मी म्हटलं, सैनिक तिकडे उभे आहेत ते आपली लग्नं थांबवायला नाहीत. गोरज मुहूर्त धरला, म्हणजे अंधार पडायच्या आत सगळं उरकेल. पेट्रोमॅक्स नाही, फटाके नाहीत, बँड नाही. एक सनईवाला तेवढा ठेवला, तोही हळू वाजवण्याच्या बोलीवर. आणि धुळ्याला माणूस पाठवून नानांना निरोप दिला: वऱ्हाड घेऊन या, पण सरकारचे सगळे नियम पाळून या.

हा निरोप मी दिला. यात काय चूक होती ते मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही.

लग्नाच्या दिवशी उन्हं कलायला लागली. अंगणात मांडव, आत हळद लागलेली पोर, परसात कणकेच्या बट्ट्या भाजून झालेल्या, वरणाला फोडणी पडलेली, वांग्याच्या भाजीचा वास गल्लीभर. मी नवा पटका बांधला. सीमांतपूजनाचं ताट मायनं हातात दिलं. नवरदेव गावच्या शिवेवर आला, की मुलीकडच्यांनी तिथे जाऊन त्याचे पाय धुवायचे, त्याला ओवाळायचं आणि मग मानानं गावात आणायचं, ही रीत. शीव म्हणजे आमचा मारुतीचा पार. आणि पाराजवळ माझा नाडा.

मी ताट घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकतो तोच दलातला एक जण धावत आला. त्याला बोलवेना. "भाऊ... बठ्ठं वऱ्हाड काया चष्मामा शे!"

"बठ्ठं म्हणजे?"

"बठ्ठं म्हणजे बठ्ठं! म्हातारी सुद्धा!"

पाराशी जाऊन पाहतो, तर खरंच. नाड्यापलीकडे मालट्रक उभा, दिव्यांना वरून अर्धा काळा रंग दिलेला, अगदी कायद्यानं. आणि ट्रकमधून उतरलेलं सगळं वऱ्हाड, बाया, माणसं, कडेवरची पोरं, ओळीनं उभं, प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मध्ये नवरदेव. मुंडावळ्या, त्याखाली चष्मा. आणि नाड्याच्या अलीकडे पहिलवान, दोन्ही हात पसरून, दंड फुगवून.

माझ्या मागे एव्हाना सगळा गाव जमला होता. पारावर आबा बसलेले. ते बहुधा दुपारपासूनच तिथे बसून असावेत.

"या नाना, या," मी म्हटलं. "हे चष्मे कशाला?"

नाना हसून पुढे आले. "तुमचाच निरोप ना, सगळे नियम पाळून या म्हणून! आमच्याकडे निम्म्यांचे डोळे आलेत. चष्म्याशिवाय बाहेर पडायचं नाही असा नियम. निम्म्यांनी लावले आणि निम्म्यांनी नाही, तर वऱ्हाड बेढब दिसेल. म्हणून म्हटलं सगळ्यांनाच घेऊ. धुळ्याचा बाजार पालथा घातला. भाऊ कडक माणूस आहेत, आपल्याकडून बोट ठेवायला जागा नको."

आता काय सांगू? माझ्या नियमाप्रमाणे निम्मं वऱ्हाड रोगी होतं आणि निम्मं हेर.

मागून आबांचा आवाज आला. "भाऊ, चष्मे उतरवा म्हणावं. नियम आहे."

मी एकेकाला चष्मा काढायला लावला. लाल. लाल. स्वच्छ. लाल. नाना लाल. नवरदेवाचे तर पळस फुलल्यासारखे, आणि त्यातून पाणी गळतंय. मी त्याला विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "कालपासून. खुपतंय हो फार." आणि एवढं बोलून तो लाजला. पोरगा मला तेव्हाच आवडला. पण नियम आवडीवर चालत नाही.

नवरदेवाची आत्या म्हणजे अक्का, अंगानं मजबूत. तिचे डोळे स्वच्छ.

"अक्का, तुमचे डोळे चांगले आहेत. मग चष्मा का लावला?"

"भावानं आणला म्हणून लावला. का?"

"अशा माणसाला हेर म्हणून पाटलांपुढे उभं करायचा हुकूम आहे."

"काय म्हणून?"

"हेर. शत्रूचा माणूस."

अक्कानं पदर खोचला. "अरे बाबा, हेर कधी पाच भांड्यांचा आहेर घेऊन येतो का? मी सकाळपासून त्या ट्रकात पोत्यावर बसून आले, हाडं खिळखिळी झाली, आणि तू मला शत्रू म्हणतोस? हेर पोरगी मागायला येतो का?"

"येऊ शकतो," मी म्हटलं. येऊ शकतोच की.

वऱ्हाडातले बाप्ये गरम झाले. नानांचा गोडवा ओसरला. "भाऊ, धुळ्यात आमच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. आम्हाला अडवायचं होतं, तर निरोप कशाला धाडला? ड्रायव्हर, गाडी वळव!"

ट्रक घुरघुरला.  आणि गर्दीतून माय आली. तिनं आधी ट्रककडे पाहिलं, मग नाड्याकडे, मग माझ्याकडे. "तुन्हा डोकामा काय भुसा भरेल शे का रे? सोड तो नाडा!"

"माय, मी आबांच्या जावयाला परत धाडला. आता माझ्या जावयाला आत घेऊ? गाव माझ्या तोंडावर थुंकेल."

"आनि पोर?"

 एका बाजूला तिसऱ्यांदा मोडणारं लग्न, दुसऱ्या बाजूला सगळ्या गावापुढे पारावरून दिलेला शब्द. हातात सीमांतपूजनाचं ताट, त्यातली निरांजनं वाऱ्यानं फडफडत होती. मी तसाच उभा राहिलो. मला लोक हट्टी म्हणतात. हट्टी माणसाला त्या वेळी काय होतं हे कोणी विचारत नाही. नाडा सोडावा असं त्यालाही वाटतं. पण पाय हलत नाहीत.

तेवढ्यात बाया बाजूला झाल्या आणि माझी बहीण आली. हळदीची पिवळी साडी, हातात हिरवा चुडा. लग्नाची पोर अशी मांडव सोडून येत नसते. पण ती माझीच बहीण.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचा नियम मला नीट सांगा. बाहेरच्यानं आत यायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आतल्यानं बाहेर जायचं नाही, असं कोणत्या साहेबानं सांगितलंय?"

मी आठवून पाहिलं. पहिल्या जीपनं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या जीपनंही नव्हतं. आणि माझ्या स्वतःच्या नियमातही नव्हतं.

"नाही सांगितलं."

"मग मी बाहेर जाते. लग्न तिकडेच लावा." वेशीबाहेर, नाड्यापलीकडे, आमचंच खळं होतं, ज्वारीसाठी नुकतंच सारवून चोपून ठेवलेलं. तिनं तिकडे बोट केलं. "तिथे काय वाईट आहे?"

पहिलवान माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नियमात बसतं. जाऊ दे तिला." पण साडी नाड्यात अडकेल म्हणून नाडा मी स्वतः उचलून धरला. तो सोडला नाही, उचलला. यात फरक आहे.

ट्रकचं इंजिन बंद झालं. पण आबा उठले. "थांबा! रोग्यांचं मिटलं. हेरांचं काय? हेर म्हणजे माझ्यापुढे उभे करायचे, असा नियम आहे ना, भाऊ? मला चौकशी करावी लागेल. आज होईल का उद्या, सांगता येत नाही. मला धाप लागते."

मुहूर्त तर जवळ आलेला.  मी पारापाशी गेलो. "आबा, काय करायचं?"

"माझा जावई पण गावात येऊ शकत नाही," आबा हळूच म्हणाले. "पण बाहेरच्या खळ्यावर येऊ शकतो का नाही?"

"येऊ शकतो. नियमात बसतं."

"मग मी त्याला बोलावणं धाडतो. नदीपलीकडेच आहे. पंगतीत पहिलं पान त्याचं. आणि वाढणार तू. स्वतःच्या हातानं, वाकून."

जावयाची माफी मागायला सांगितली असती, तर लग्न मोडलं असतं. पण वाढणं म्हणजे माफी नाही. मी म्हटलं, "वाढतो."

मग आबांनी चौकशी केली. अक्काला विचारलं, "बट्टी शिजवून तळतात का भाजून?" अक्का म्हणाली, "आधी उकडायची, मग तळायची, आणि तुमच्याकडे भाजत असतील तर तुमच्याकडे करणारी आळशी." आबा म्हणाले, "ही खानदेशचीच आहे. सोडा सगळ्यांना."

पुढची धावपळ काय सांगू! सगळा मांडव खळ्यावर गेला. वरणाची घमेली, बट्ट्यांच्या टोपल्या, पाट, समया, भटजी. भटजी यायला तयार नव्हते. नजरेला नजर भिडली की रोग उडी मारतो, असं तेव्हा सगळेच मानायचे. शेवटी ते नवरदेवाकडे पाठ करून उभे राहिले आणि मंगलाष्टकं शेजारच्या बाभळीला उद्देशून म्हटली. वऱ्हाडानं चष्मे परत लावले होते. सूर्य मावळतीला, डोळ्यांवर काळी काच, कोणाला काही दिसेना. निम्म्या अक्षता नवरा-नवरीवर पडल्या, निम्म्या सनईवाल्यावर. त्याच्या सनईतही गेल्या असाव्यात, कारण तिचा सूर मधेच शिंकला.

अंतरपाट खाली घ्यायची वेळ आली तशी माय ओरडली, "थांबा! नजर भिडनी तर पोरना डोया येतीन!" नानांनी खिशातून आणखी एक चष्मा काढला. सूनबाईसाठीही आणून ठेवला होता. माझ्या बहिणीनं तो मुंडावळ्यांखाली बसवला. अंतरपाट खाली आला. दोघांनी एकमेकांकडे काळ्या काचांतून पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे, पण ती हसली. नवरदेवानं हार घातला तो आधी तिच्या कानाला अडकला.

मग व्याहीभेट. नाना आणि मी गळ्यात गळा घालून भेटलो. गळाभेटीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, आणि बोलले असते तरी रीत ती रीत. नानांना भरून आलं. "भाऊ, मघाशी रागात बोललो," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरच्या उपरण्याला डोळे पुसले. मी म्हटलं, "नाना, रागावलात ते बरोबर होतं. आणि मी अडवलं तेही बरोबर होतं."

उरल्यासुरल्या उजेडात पंगत बसली. आबांचा जावई सायकलवरून आला, पहिल्या पानावर बसला, चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिला. मी वाकलो, वरण वाढलं, बट्टी चुरून दिली, तूप ओतलं. तो "पुरे" म्हणेना. मीही थांबलो नाही. तूप पानावरून त्याच्या धोतराकडे निघालं तेव्हा म्हणाला, "पुरे, भाऊ." म्हणजे माघार त्यानं घेतली.

पुरता अंधार पडायच्या आत ट्रक निघाला. बहीण ट्रकात चढली. चढताना तिनं माझ्याकडे वळून एवढंच म्हटलं, "भाऊ, मूळ घेऊन लवकर या माहेरी न्यायला." ट्रकनं इतकी धूळ उडवली, की माझ्या डोळ्यांत गेली, आणि मला उपरण्यानं डोळे पुसावे लागले. माय शेजारी उभी होती. "रडस का काय रे?" म्हणाली. मी म्हटलं, "धूळ शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो पापण्या उघडेनात. मायनं कोमट पाण्यानं सोडवल्या, मी आरशात पाहिलं आणि पटका बांधला. वहाणा घातल्या आणि वेशीवर गेलो. पहिलवान उठून उभा राहिला.

"अडव मला," मी म्हटलं.

"भाऊ, तुम्ही तर आतून येताय."

"मग मी हे लाल डोळे घेऊन आतच बसू, आणि बाहेरच्यांना परत धाडू? नियम थोडा वाढवलाय. अडव, आणि बाहेर काढ."

 "भाऊ... बाहेर चला," असं काहीतरी पहिलवान पुटपुटला, पण आवाज फार बारीक निघाला. पारावर चार माणसं बसलेली, त्यांना ऐकू गेलं नसतं. मी त्याला पुन्हा, मोठ्यानं म्हणायला लावलं, आणि मगच नाड्याखालून वाकून खळ्यावर राहायला गेलो.